घरातल्या फोटोंना तारखा आणि नावं लावताना

२ जून २०२४, रविवार. दोन आठवड्यांनी आईचा अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस होता आणि तिला एकच फोटो फ्रेम करून द्यायचा होता. महेश्वरच्या घाटावर ती आणि बाबा शेजारी शेजारी बसलेत, मागे नर्मदा. फोटो डोळ्यांपुढे स्पष्ट होता. सापडायला मात्र चार दिवस लागले होते. ‘जुना बॅकअप’च्या आत ‘लॅपटॉप डी’, त्याच्या आत ‘न्यू फोल्डर ३’, आणि तिथे मिळाली ती व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली लहानशी प्रत. स्टुडिओवाल्यांनी पडद्यावर मोठी करून दाखवली, तर चेहरे पार विरघळलेले. आईला त्या वर्षी साडी दिली.

बाबा २०१७ साली गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढलं, आणि सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात कपाटाचे खालचे दोन खण बुडाले. नऊ अल्बमांपैकी पाच भिजले. आम्ही ते घाईने उन्हात वाळवले आणि पानं एकमेकांना कायमची चिकटली. भिजलेले फोटो स्वच्छ गार पाण्यात अलगद सुटे करायचे आणि सावलीत, टिपकागदावर, चित्राची बाजू वर ठेवून एकेक वाळवायचे, हे मला फार उशिरा कळलं. नदीकाठी राहणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा. गठ्ठा तसाच वाळू द्यायचा नाही.

कागदाचे फोटो पुरात गेले आणि डिजिटल फोटो होते तिथेच हरवले. हे दुसरं आपल्या हातातलं होतं, म्हणून मी कामाला लागले. पूर्ण व्हायला आठ महिने गेले.

पहिला आठवडा फक्त यादी करण्यात गेला. ४ जूनला लोकसभेच्या निकालाचा दिवस, टीव्हीवर आकडे चाललेले आणि मी वहीत लिहितेय : दोन लॅपटॉप, तीन हार्ड डिस्क, पाच मेमरी कार्डं, चार जुने फोन, गुगल फोटोज, मेलबर्नमधला दादाचा संगणक आणि बाबांच्या टेबलाच्या खणातल्या ४३ सीडी-डीव्हीडी. यादी करायचा कंटाळा येतो, पण ती नसेल तर महिन्याभराने ‘हे कार्ड आपण घेतलं होतं का’ याचा पत्ता लागत नाही. प्रत्येक ठिकाणापुढे मी तीन रकाने आखले : मोजलं, उतरवलं, तपासलं.

मग खरेदी. २ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, प्रत्येकी ६,२०० रुपये. यूएसबीला लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह १,४५० रुपये, कारण आता लॅपटॉपला तो नसतोच. स्वतःला एक नियम घातला : सगळं एका जागी येईपर्यंत एकही फाइल पुसायची नाही, नाव बदलायचं नाही, काही हलवायचं नाही. जिथून उतरवलं त्या वस्तूच्या नावाचा फोल्डर करायचा आणि जसंच्या तसं त्यात ओतायचं.

सीडी उतरवायला तीन रविवार लागले. सहा तबकड्या वाचल्याच जात नव्हत्या. त्यातल्या दोन मैत्रिणीच्या जुन्या संगणकात चालल्या, म्हणून एका ड्राइव्हने नाकारलं की लगेच हार मानू नका. चार गेल्या त्या गेल्याच. एका हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत होता. तसा आवाज आला की ती पुन्हा पुन्हा लावून बघायची नसते, लगेच काढून ठेवायची. दुकानात डेटा काढायचे १५ ते २२ हजार सांगितले. पंधरा दिवस निर्णयच होईना. शेवटी दादाच्या संगणकात त्या वर्षांचे बहुतेक फोटो निघाले आणि खर्च टळला.

गुगल फोटोजमधले फोटो गुगल टेकआउटमधून, म्हणजे आपला साठा उतरवून देणाऱ्या गुगलच्या सोयीतून, मागवले. १५ जूनला विनंती टाकली, १७ला मेल आला, १० जीबीच्या सात झिप फाइली. दुवा थोडेच दिवस चालतो, तेव्हा मेल आला की उतरवायला बसा. प्रत्येक फोटोसोबत जेसन नावाची एक छोटी मजकूर-फाइल येते. तुम्ही अ‍ॅपमध्ये बदललेली तारीख किंवा लिहिलेलं वर्णन फोटोच्या पोटात नसून त्या फाइलीत असतं. कचरा समजून त्या पुसल्या की तेवढी मेहनत गेली. मी त्या सगळ्या ठेवल्या आणि नंतर एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रॅमने त्यातल्या तारखा फोटोंत भरल्या.

जूनअखेर बेरीज झाली ६१,४८० फाइली.

जुलै एकसारख्या फाइली काढण्यात गेला. डुपगुरु नावाचा मोफत प्रोग्रॅम फाइलींची नावं न पाहता आतला मजकूर ताडून पाहतो. हे महत्त्वाचं, कारण कॅमेरा ९९९९ नंतर पुन्हा १ पासून मोजतो. एकाच नावाचे दोन फोटो अगदी वेगळे असू शकतात आणि वेगळ्या नावांचे दोन एकच. तंतोतंत जुळ्या काढल्यावर ३४,९०० उरल्या. मग सुप्रभात, देवांचे फोटो, लाइट बिलांचे फोटो. हे हातानेच काढावं लागलं. रोज रात्री जेवणानंतर एक तास, त्याहून जास्त नाही. थकलं की डोळा चुकतो आणि बोट ‘डिलीट’वर पडतं. उरले २७,११२.

यापुढचं काम तारखांचं, आणि त्यात मी रमले. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात एक्झिफ नावाची नोंद असते : कोणता कॅमेरा, कधी टिपला, फ्लॅश पडला का. फाइलीवर दिसणारी ‘मॉडिफाइड’ तारीख वेगळी, ती नुसती प्रत केली तरी बदलू शकते. आपल्याला हवी ती ‘डेट टेकन’. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलं की ही नोंद उडते आणि फाइलीच्या नावातला दिवस हा पाठवण्या-मिळण्याचा दिवस असतो. म्हणजे मावशीने दिवाळीचे फोटो संक्रांतीला पाठवले, की ते संक्रांतीचे होऊन बसतात. नातेवाइकांकडून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ म्हणावं, मग नोंद शाबूत येते.

कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलेलं असेल तर? मे २००९ मधलं मामेबहिणीचं लग्न तीन कॅमेऱ्यांत होतं. त्यातल्या एकाची बॅटरी संपून घड्याळ मागे गेलेलं, सगळे फोटो १ जानेवारी २००५च्या पहाटेचे. हळदीच्या आधी वरात, वरातीनंतर सीमांतपूजन असा घोळ. आईने जपलेल्या पत्रिकांच्या पिशवीत त्या लग्नाची पत्रिका निघाली. मुहूर्त १२ वाजून ३४ मिनिटं. आमचे गुरुजी घटिका मोडू न देणारे. अंतरपाट बाजूला होऊन अक्षता हवेत आहेत तो फोटो तिन्ही कॅमेऱ्यांत होता. तो १२:३४चा धरला, चुकलेल्या कॅमेऱ्याचा फरक काढला आणि त्याचे सगळे ३१० फोटो तेवढ्याच फरकाने पुढे सरकवले. एक्झिफटूलमध्ये ही एका ओळीची आज्ञा आहे. फिल हार्वे यांनी २००३ पासून चालवलेला हा मोफत प्रोग्रॅम. त्याला बटणं नाहीत, आज्ञा टंकाव्या लागतात. दोन संध्याकाळी भीती वाटते, मग सवय होते. सरकवल्यानंतर तिन्ही कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र लावले, आणि लग्न पहिल्यांदाच क्रमाने दिसलं. मामा पाय धुतोय, त्याच मिनिटाला मागे मामी डोळे पुसतेय. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांतले फोटो. इतकी वर्षं ते शेजारी आलेच नव्हते.

११ ऑगस्टला चूक झाली. तीच आज्ञा चुकीच्या फोल्डरवर चालवली आणि बाराशे फोटो चार वर्षं पुढे गेले. पोटात गोळा आला. एक्झिफटूल बदल करण्याआधी मूळ फाइल ‘ओरिजिनल’ असं शेपूट जोडून बाजूला ठेवतं, म्हणून तासाभरात सगळं परत आलं. या जादा फाइली जागा खातात, तरी आठवडाभर पुसू नका. आणि कुठलीही आज्ञा आधी पाच फोटोंच्या प्रतीवर चालवून बघा.

फोल्डर कसे करायचे यावर घरात बरीच चर्चा झाली. मी आधी माणसांप्रमाणे केले होते, ते मोडले. पंढरपूरला आत्याबरोबर काढलेला फोटो आत्याच्या फोल्डरमध्ये टाकायचा की पंढरपूरच्या? दोन्हीकडे टाकला तर पुन्हा जुळ्या फाइली. शेवटी ठरलं की फोल्डर फक्त ‘कधी’ सांगेल. ‘कोण’ आणि ‘कुठे’ हे फोटोच्या आत कळशब्द (कीवर्ड) म्हणून लिहायचं. वर्षाचा एक फोल्डर, त्यात ‘२०१४-०५-११ मुंज सांगली’ अशा नावाचे फोल्डर. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. असं लिहिलं की आपोआप क्रम लागतो. संगणकात हे आकडे इंग्रजीत टंकलेले बरे, मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळले की क्रम बिघडतो. घटनेचं नाव मराठीत खुशाल लिहा.

गणपती उठल्यावर, सप्टेंबरात, सगळं डिजिकॅममध्ये घेतलं. हा मोफत प्रोग्रॅम फोटोंची सूची करतो, चेहरे ओळखतो, शब्द लिहू देतो. त्याच्या मेटाडेटाच्या (फोटोच्या पोटातल्या नोंदींच्या) सेटिंगमध्ये जाऊन कळशब्द, फोटोखालच्या ओळी आणि चेहऱ्यांची नावं फाइलीतच लिहिली जावीत अशा खुणा आधी केल्या. उद्या हा प्रोग्रॅम नसला तरी नाव फोटोबरोबर राहिलं पाहिजे. लिहून झाल्यावर दोन फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्याच्या संगणकात उघडून बघितले, तेव्हा खात्री पटली.

आणि तिथे, १९ सप्टेंबरच्या रात्री, बाबांच्या एका डीव्हीडीतले फोटो उघडले तर खाली ओळी दिसू लागल्या. मी लिहिल्या नव्हत्या. बाबा निवृत्तीनंतर पिकासा वापरायचे. २०१६ साली तो प्रोग्रॅम बंद झाला आणि त्यांचा लॅपटॉप आम्ही नंतर फॉरमॅट करून टाकला होता. पण पिकासा फोटोखालची ओळ फाइलीतच लिहीत असे. बाबा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, दोन बोटांनी टंकत. महेश्वरचा फोटो तिथेच होता, मूळ, मोठा, फेब्रुवारी २०१०चा. खाली लिहिलेलं : ‘महेश्वर घाट. हिचे गुडघे दुखत होते तरी शेवटच्या पायरीपर्यंत उतरली.’

अशा ४१२ ओळी निघाल्या. मी त्या रात्री सगळ्या वाचून काढल्या. चेहऱ्यांना त्यांनी दिलेली नावं मात्र प्रोग्रॅमच्या वेगळ्या नोंदीत होती, ती लॅपटॉपबरोबर गेली. कुणाकडे तसा जुना संगणक असेल तर फॉरमॅट करण्याआधी फोटोंच्या फोल्डरमधल्या लपलेल्या छोट्या फाइलीही उतरवून घ्या. बाबांच्या ओळींना मी हात लावला नाही, शुद्धलेखनालाही नाही. माझं काही सांगायचं असेल तर ते वेगळ्या ओळीत लिहिलं.

आई २२ सप्टेंबरला पुण्याला माझ्याकडे आली, सोबत वाचलेले चार अल्बम आणि सुट्या फोटोंचा एक बिस्किटांचा डबा. ५,८०० रुपयांना सपाट काचेचा स्कॅनर घेतला. चिकट पानांवरचे फोटो ओढून काढू नका. मेण नसलेला दातांचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवला की सुटतात. ६०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केले. चार बाय सहाचा फोटो त्यात २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, घरच्या कामाला भरपूर. मागे काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू स्कॅन करायची, त्याच क्रमांकाला ‘मागे’ जोडून.

मागची बाजू म्हणजे खजिना आहे. एका फोटोमागे आजोबांच्या हाताने ‘शके १९०१, अक्षय्य तृतीया, वास्तुशांत’. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचा दिवस असेल तर ७९. म्हणजे एप्रिल १९७९चा शेवट. बाबांच्या अ‍ॅग्फा क्लिक ३ मध्ये एका रोलला १२च फोटो निघत. एकाची तारीख कळली, की तेच कपडे, तोच मांडव बघून बाकीच्या अकरांची लागते. जिथे फक्त वर्ष कळलं तिथे १ जानेवारी टाकली आणि ‘अंदाजे’ हा कळशब्द जोडला, नाहीतर पुढच्या पिढीला वाटेल की आमच्याकडे सगळं नव्या वर्षाच्या दिवशीच घडायचं. स्कॅन केलेल्या फोटोत आपोआप पडते ती स्कॅनची तारीख, ती बदलायला विसरू नका.

सकाळी दहा ते बारा आम्ही दोघी जेवणाच्या टेबलापाशी बसायचो. ती सांगायची, मी लिहायचे. पहिल्याच दिवशी मी ‘मामा’ असा कळशब्द केला. आई म्हणाली, “अगं, तो तुझा मामा. तुझ्या लेकीचा कोण? आणि माझा तर भाऊ.” बरोबर होतं. नात्याने नाव लिहिलं तर ते एकाच माणसाच्या तोंडी खरं असतं. मग सगळ्यांना पाळण्यातलं नाव आणि जन्मवर्ष दिलं, नातं फोटोखालच्या ओळीत.

बायकांचं आणखी अवघड. थोरली मावशी माहेरी कुसुम. लग्नात तांदळात दुसरं नाव कोरलं गेलं आणि १९६४ नंतर तिला त्याच नावाने सगळे ओळखतात. नुसतं कुसुम लिहिलं तर सासरच्यांना ती सापडणार नाही, नुसतं दुसरं नाव लिहिलं तर माहेरच्यांना नाही. दोन्ही नावं घातली. आमच्या घराण्यात अशा अकरा बायका निघाल्या. आईचं स्वतःचं माहेरचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा टंकलं.

चेहरे शोधायला डिजिकॅमला दोन रात्री लागल्या. १९६५ सालच्या आईला ते सारखं माझी मुलगी म्हणत होतं. आईला हे इतकं आवडलं की ती दुरुस्त करू देईना.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक फोटो आला. १९५८, मिरजेच्या स्टुडिओतला, रंगवलेल्या पडद्यापुढे सहा मुलं. आईने डावीकडून नावं सांगायला सुरुवात केली. पाचवीपाशी थांबली. फ्रॉक घातलेली, साधारण चार वर्षांची, एका हाताने आईचाच परकर धरलेला. मावश्या मला दोनच माहीत होत्या. आई पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “ही आमची धाकटी. त्याच्या पुढच्या वर्षी देवी आल्या, त्यात गेली.” घरात तिचं नाव कुणी घ्यायचं नाही, आजीला त्रास व्हायचा. मी विचारलं, लिहू का? तिने मान हलवली आणि नाव सांगितलं, नुसतं नाही, अक्षरं फोडून, दुसरी वेलांटी हं, म्हणून. तो तिचा एकच फोटो आहे. तेव्हा मी काम थांबवलं आणि चहा केला.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. नोव्हेंबरात एक तांत्रिक अडचण आली ती मराठीत लिहिणाऱ्यांसाठी सांगते. फोटोतल्या मजकुराच्या दोन पद्धती आहेत. जुन्या आयपीटीसी नोंदीत एका कळशब्दाला ६४ बाइट्सच मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन बाइट्स घेते. ‘कोल्हापूर महालक्ष्मी मंदिर’ लिहिलं तर मंदिर तुटलं. नव्या एक्सएमपी नोंदीत ही अडचण नाही. म्हणून मजकूर एक्सएमपीत लिहिला जातोय याची खात्री करा आणि कळशब्द तरीही आखूड ठेवा : कोल्हापूर एक, महालक्ष्मी मंदिर दुसरा.

आता तीन प्रती आहेत. एक माझ्या टेबलावर, दुसरी डिस्क जानेवारी २०२५ मध्ये दादा आला तेव्हा मेलबर्नला नेली, आणि निवडक फोटो गुगलवर, १०० जीबीचे वर्षाला १,३०० रुपये. सांगलीत प्रत ठेवली नाही, पूर आठवतो. एकूण खर्च २१ हजारांच्या आत, त्यात दोन डिस्क आणि स्कॅनर हेच मोठे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोनमधले फोटो उतरवते, अर्ध्या तासात नावं लावून होतात. महेश्वरचा फोटो आता आईच्या पलंगासमोर आहे, बाबांची ओळ खाली छापून.

४१ चेहरे आईलाही ओळखता आले नाहीत. त्यांना क्रमांक देऊन चार कागदांवर मोठे छापले आणि मिरजेला आत्याकडे पोस्टाने पाठवले. ती ८६ वर्षांची आहे, फोनवर फोटो बघायचा तिला कंटाळा. महिनाभर काही कळलं नाही. मागच्या आठवड्यात सकाळी सातला तिचा फोन आला : “सतरा नंबरचा लिहून घे. आपल्या डॉक्टरांचा कंपाउंडर तो, वास्तुशांतीला पानं मांडायला आला होता. नाव आठवलं की पुन्हा करते.”